हायकोर्टाच्या व्हरांड्यातली बाई

बाबांच्या पुण्यतिथीच्या सकाळी दादानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्यंगचित्र टाकलं. खाली लिहिलं होतं, 'ज्याला कळेल त्यानं हसावं.' ग्रुपवर सगळं खानदान होतं, पण चित्र कुणासाठी आहे हे न कळण्याइतकं कुणी भोळं नव्हतं.

शिरवण्याचं बाबांचं घर दादाच्या नावावर व्हावं म्हणून मी हक्कसोडपत्रावर सही करायची होती. आमच्याकडे बहिणी करतात. मी केली नाही. खालच्या कोर्टात निकाल माझ्या बाजूनं लागला, दादा हायकोर्टात अपिलाला गेला, आणि तेव्हापासून आमचं बोलणं वकिलांमार्फतच. तरी पुण्यतिथीला मी जायचे. वाशीहून शिरवणं काही लांब नाही, आणि बाबा माझेही होते.

चित्र मी बसमध्ये नीट पाहिलं. हायकोर्टाचा व्हरांडा. दोन खांबांमध्ये दोरी बांधून साड्या वाळत घातलेल्या. एक बाई स्टोव्हवर भाकरी भाजतेय, शेजारी भलंमोठं बोचकं, त्यावर 'हक्क' असं लिहिलेलं. पट्टेवाला तिला सांगतोय, "बाई, आवरा आता. तुमची तारीख नातवाला दिलीय."

आधी मला हसू आलं. मग दादाची ओळ पुन्हा वाचली आणि डोकं तापलं.

मी शाळेत मराठी शिकवते. व्यंगचित्र समजावताना मुलांना सांगते, चित्रकारानं काय फुगवलंय ते आधी शोधा. तो हसतोय ते त्यालाच. इथे व्हरांडा आभाळाएवढा होता. दारातून दिसणारे न्यायाधीश फायलींच्या ढिगाआड वाटाण्याएवढे. बाई मात्र चारचौघींसारखी, पदर खोचलेली. म्हणजे विनोद तारखांवर होता, तिच्यावर नव्हता. हे मनात घोकतच मी घरात शिरले.

वहिनी मला पाहून आत निघून गेली. पाणी आत्यानं आणून दिलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती याच घराच्या मागच्या खोलीत राहते. तिनं तरुणपणीच भावासाठी कागदावर अंगठा दिला होता.

पानं मांडली जात होती तेव्हा दादानं सगळ्यांसमोर विचारलं, चित्र पाहिलंस का. मी म्हटलं, पाहिलं, आणि तुला ते कळलेलं नाही. कोर्ट किती वर्षं लावतं, त्याची थट्टा आहे ती. दादा छद्मी हसला. त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला आणि बोचक्यावर बोट ठेवलं.

"हे बघ. किती मोठं केलंय. हाव आहे ती. घरदार सोडून कोर्टात चूल मांडून बसलीय बया."

"अपिलात कोण गेलं, दादा? मी की तू?"

 चुलत भाऊ पानावर मीठ वाढता वाढता तसाच उभा राहिला. दादा म्हणाला, शाळेत पोरांना शिकवतेस तसं इथे शिकवू नकोस, हे माझं घर आहे. मी म्हटलं, तेच तर ठरायचंय.

आत्याला वाचता येत नाही. तिनं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि मला विचारलं, काय लिवलंय. मी पट्टेवाल्याचं वाक्य वाचून दाखवलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं चित्रातल्या बाईवर बोट ठेवलं.

"ही बाय यकटीच हाय का? तिचे संगती कोन नाय?"

 दादानं मोबाईल तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "आत्या, तू या भानगडीत पडू नकोस. तुला राहायला खोली दिलीय ना?"

त्यानं मला काहीही म्हटलं असतं तरी मी जेवायला बसले असते. हे ऐकल्यावर बसवेना. मी बाबांच्या फोटोला नमस्कार केला, पर्स उचलली आणि निघाले. कुणी थांब म्हणालं नाही. बसस्टॉपवर पोचेपर्यंत दादानं मला ग्रुपमधून काढलेलं होतं.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या जिन्यात आमची गाठ पडली. दोघांच्याही वकिलांनी तडजोडीचं सुचवून पाहिलं. दादा नाही म्हणाला. मीही नाही म्हटलं, आणि माझ्या वकिलाला वेगळं घेऊन सांगितलं, निकाल कसाही लागो, आत्याची खोली तिच्या हयातीपर्यंत तिचीच राहील हे लेखी मागा. ते म्हणाले, या दाव्यात ते बसत नाही, पण अर्ज करून बघू.

दादाला ते कळलं तेव्हा त्यानं आत्याशी बोलणं टाकलं. शिरवण्याला मी आता जात नाही. बाबांच्या पुण्यतिथीला वाशीच्या घरी वालाचं बिरडं करते. आत्या रिक्षा करून येते, जेवते, दादा फार वाळलाय म्हणून सांगते. मी ऐकून घेते आणि तिला आणखी भात वाढते.