पत्र्याच्या घराला स्लॅब

घरपट्टीच्या मोजणीचा कारकून आमच्या उंबऱ्याशी आला आणि पुढं टाकलेलं पाऊल त्यानं मागं घेतलं. हातात टेप. गुंडाळलेली. "बौद्धवस्ती ना ही?" म्हणाला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर खिशातला रुमाल काढून नाकाला लावला. "राहू द्या. आत काय काय आहे ते तिथूनच सांगा, बाई."

सांगलीतली ही गोष्ट, नव्वद सालानंतरची. आमचे हे माधवनगरला यंत्रमागावर कामाला जायचे. घर दोन खणांचं, वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली भुई. तेवढंच सांगायचं होतं. पण डोक्यात अशी तिडीक गेली बघा! म्हटलं, "स्लॅब हाय. शहाबादी फरशी हाय. संडास घरात हाय."

"आणि ही पुढची घरं?"

"समदी तशीच. तुमाला काय वाटलं?"

टेप न उलगडताच त्यानं ओळीनं अकरा घरं लिहिली. मी मनात म्हटलं, जिरवली. खरंच म्हटलं हो.

नोटिसा आल्या. घरपट्टी तिप्पट. शेजारची हौसाक्का, नवरा गेलेली, हातगाडीवर भाजी विकायची. ती कागद घेऊन माझ्याकडंच आली. पोरांच्या पुस्तकांवरनं वाचायला शिकलेली गल्लीत मीच. ऐकून हसली. "आगं, माज्या पत्र्याला स्लॅब कवा पडला? आन मला कुनी सांगितलं न्हाई!"

मीपण हसले. खरं सांगितलं नाही. उलट सगळ्यांच्या वतीनं अपिलाचा अर्ज मीच लिहिला, की कारकुनानं हे मनानंच लिहिलं. पट्टी थकली म्हणून निकालाआधीच जप्ती आली. हौसाक्काची गाडी ओढून नेली. ती डोक्यावर पाटी घेऊन फिरायला लागली, आणि जाता-येता मला म्हणायची, "तू हाईस म्हून बरं हाय गं बाई." तो शब्द अजून पोटात आहे.

अपील कोर्टातल्या साहेबांपुढं चाललं. त्यांच्यावर पालिकेचा हुकूम चालत नव्हता. कारकुनानं वही उघडून वाचलं, "घरमालकिणीच्या सांगण्यावरून."

साहेबांनी विचारलं, "कोण ही घरमालकीण?"

कारकुनाला माझं तोंड आठवेना. त्यानं ते बघितलंच नव्हतं. मी गप्प बसले असते तर खपलं असतं. हौसाक्का बाकावर बसली होती, मांडीवर रिकामी पाटी.

मी उठले. "मी, साहेब. खोटं मी बोलले. अर्जातबी खोटंच लिवलं. ह्यांनी उंबरा ओलांडला न्हाई, टेप उलगडली न्हाई, म्हून रागानं बोलले. आता ह्यांनी आत यावं, मोजावं, मग लिवावं."

साहेबांनी फेरमोजणी लावली. बाहेर आल्यावर हौसाक्का एवढंच बोलली, "माज्या पत्र्याची तुला लाज वाटली व्हय गं?"

वाटली होती. त्या कारकुनापेक्षा जास्त.

गाडी परत मिळाली, एक चाक मोडलेली. हौसाक्का मात्र माझ्या दारात परत आली नाही.

फेरमोजणीला तोच कारकून आला. उंबऱ्याशी अडखळला. या खेपेला मी तांब्या पुढं केला नाही. "आत या. ह्यो पत्रा. ही शेणाची भुई. मोजा." हौसाक्काच्या घरात काय आहे ते हौसाक्कानं सांगितलं.

आमचं दार बुटकं आहे. ज्याला माझं घर लिहायचं असेल त्यानं वाकून आत यावं. दारातनं मी सांगणार नाही. खरंही नाही, खोटंही नाही.