घशातली नागीण आणि गेरूचं बोट

मी सायन्सची शिक्षिका. दृष्ट काढायला कोणी मीठ-मोहरी घेऊन आलं, तर मी सरळ दुसऱ्या खोलीत निघून जाते. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... आणि किळस तर अजून गेलेली नाही.

आम्ही बडोद्यात गोत्रीला राहतो. मागच्या हिवाळ्यात माझा डावा कान ठणकायला लागला, मग घसा, आणि चौथ्या दिवशी आवाजच गेला — नुसती हवा. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली. नागीण, म्हणे — पण घशात! एका बाजूला घाणेरडे पांढरे फोड आणि डावा स्वरतंतू लुळा, म्हणून दोन्ही तंतू मिटतच नव्हते, मध्ये फट. गोळ्या सुरू झाल्या, पण आवाज यायला महिने लागतील, कदाचित येणारही नाही, असं ते म्हणाले. शाळेनं पंधरा दिवस दिले; त्यानंतर माझ्या जागी दुसरी बाई घेणार होते.

सासूबाई हादरल्या. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, म्हणून मध्ये गेरूची रेघ ओढायची, ही त्यांची पक्की समजूत. आता घशात रेघ कोण ओढणार? त्यांनी वाघोडियाहून नागीण उतरवणाऱ्या एका काकांना बोलावलं. नको म्हणायला मला आवाज कुठे होता!

काकांनी तोंडातली तंबाखू टाकली, तळहातावर गेरू घेतला आणि त्यात थुंकले. "मों खोलो, बेन." सासूबाईंनी माझं डोकं घट्ट धरलं. ते काळ्या नखाचं बोट पडजिभेच्या पलीकडे गेलं... खारट, उग्र, कोमट. मी बेसिनमध्ये भडाभडा ओकले. पाच वेळा दात घासले. शी!

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला मी खणखणीत म्हणाले, "एक लिटर आपजो."

सासूबाई देवापुढे रडल्या. मी तडक डॉक्टर गाठले. दुर्बिणीत स्वरतंतू तसाच लुळा, मध्ये तेवढीच फट. त्यांनी मला आकडे म्हणायला लावले आणि स्क्रीनकडे बघतच राहिले.

"बेन, आ तो खुल्लुं ज छे. अवाज क्यांथी आवे छे?" फट उघडीच, मग आवाज येतो कुठून?

आणखी दोघांना दाखवलं. त्यांनाही फट तशीच दिसली. नोकरी टिकली, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं.

फक्त सई, माझी सहा वर्षांची मुलगी, घरी माझ्या तोंडावर हात ठेवते. "आई, हा आवाज नको ना. तो हवेचा काढ... तुझा."

मी तिच्याशी कुजबुजतच बोलते.