अमोलच्या गिटारीतली बॅटरी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या अमोलला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही – म्हणूनच बहुधा तोंड उघडतंय.

नारायणगावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी, स्टार्टर, मिक्सर – जे जळतं ते माझ्याकडं येतं. अमोल खोडदचा. शाळेत आम्ही एका बाकावर. गिटार आधी मी घेतली; पहिले तीन कॉर्ड त्याला मीच शिकवले, त्याची बोटं धरून तारांवर ठेवली. आणि वर्षभरात तो माझ्या पुढं गेला. पुढं म्हणजे किती? मी वाजवलं की लोक म्हणायचे, छान. त्यानं वाजवलं की लोक बोलायचे थांबायचे. हा फरक मला कळत होता. न कळण्याएवढा मी बेसूर असतो तर बरं झालं असतं.

मंचरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याला गिटार वाजवणारा हवा होता. एकच. खोडदच्या यात्रेत आमच्या पोरांचा कार्यक्रम ठरला होता, तिथं येऊन तो आम्हा दोघांनाही ऐकणार होता. दोघांपैकी एक जण जाणार – आणि तो कोण, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. मलाही.

अडचण एकच होती. अमोलची गिटार जनरेटरजवळ नेली की घूंऽऽ करायची. दोष पिकअपचा. आमच्याकडं पिकअप म्हणजे टोमॅटोची गाडी, पण गिटारीतला पिकअप म्हणजे तारांखालची ती काळी पट्टी, तारेची थरथर पकडून स्पीकरपर्यंत पोचवणारी. कुठला बसवू, असं त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, अ‍ॅक्टिव्ह घे. बॅटरीवर चालतो, घरघर अजिबात करत नाही. सल्ला अगदी खरा होता. का दिला खरा? आपल्याला किती कळतं ते दाखवायचं होतं, दुसरं काय. दोन वर्षं मी मोबाइलवर तेच पिकअप बघत होतो, घ्यायचा धीर होत नव्हता. वाटलं, हा तरी कुठला घेतोय.

त्यानं आठवड्यात मागवले.

बसवायला माझ्याकडंच आला, यात्रेच्या पाच दिवस आधी. काम मी मन लावून केलं – हेही सांगायला हवं. जुने पिकअप उतरवले, बॅटरीला जागा नव्हती म्हणून मागचं लाकूड पटाशीनं कोरलं, एकेक वायर नीट सोल्डर केली. त्यानं आणलेली नवी बॅटरी जोडली आणि गिटार त्याच्या हातात दिली. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर चालू होता, तरी घरघरीचा कण नाही. नुसता स्वच्छ, भरलेला आवाज – आणि त्यावर त्याची बोटं. असा आवाज माझ्या हातानं तयार व्हावा, आणि दुसऱ्याच्या हातातून निघावा?

"लई भारी झालंय राव," तो म्हणाला. "तुझ्या हाताला तोड न्हाई." आणि समोर चहा सांगायला गेला.

गिटारीचं मागचं झाकण अजून लावायचं होतं. टेबलावर माझं व्होल्ट मोजायचं मीटर उघडं पडलं होतं. मीटरलाही तसलीच चौकोनी बॅटरी लागते, नऊ व्होल्टची. माझी आठवडाभर संपत आल्याची खूण दाखवत होती. अमोल चहा घेऊन परत आला तोवर झाकण लागलं होतं. आत माझ्या मीटरची बॅटरी होती. त्याची नवी माझ्या मीटरमध्ये. वाजवून झालं की गिटारीत खुपसलेली स्पीकरची वायर काढून ठेव, नाहीतर बॅटरी उतरत राहते – एवढं तरी सांगायचं होतं की नाही? तेही सांगितलं नाही. चहा मात्र प्यायलो.

यात्रेत दुसऱ्याच गाण्याला त्याच्या गिटारीचा आवाज फाटला. मग बारीक झाला. मग गेलाच. अमोलनं लोकांकडं बघितलं नाही, त्या ऑर्केस्ट्रावाल्याकडं बघितलं नाही – माझ्याकडं बघितलं. "बघ ना रे, काय झालंय."

मी वाकलो, वायर हलवल्यासारखं केलं. "सोल्डर सुटलंय वाटतं. हितं नाय व्हायचं."

माझी गिटार माझ्या खांद्याला होती. ती काढून त्याला द्यायला कितीसा वेळ लागला असता? मी पट्टा धरून उभा राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "तू वाजव. आपल्यातलं एक तरी जाऊ दे."

मी वाजवलं. मला घेतलं. तीन हंगाम मी आंबेगाव, जुन्नर, खेड पालथं घातलं, गळ्यात रुमाल बांधून. अमोलनं गिटार दुकानात आणली तेव्हा मी नवी बॅटरी टाकली आणि टाका सुटला होता म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "गाडीवर आदळली असंल. माझीच चूक." त्यानंतर तो स्टेजवर चढला नाही. आता टोमॅटोची गाडी चालवतो. जाता-येता दुकानाशी थांबतो, गिऱ्हाइकांना सांगतो, ह्यानं माझी गिटार एक पैसा न घेता नीट करून दिली व्हती.

कधी कधी मी स्वतःची समजूत घालतो. टेबलावर दोन सारख्या बॅटऱ्या, मनात कालवाकालव, हाताला घाई – अदलाबदल झाली असेल. अशी चूक माणसाकडून होते की नाही?

होते. पण आमच्या धंद्यात ही बॅटरी जिभेला लावून बघतात. भरलेली असली की जीभ झणझणते, उतरलेली असली की नुसती आंबट लागते. त्या दिवशी मी दोन्ही लावून बघितल्या. आंबट लागली ती अमोलच्या गिटारीत घातली.