चूलबंद आवतन

आमच्या नाटकमंडळीत आम्ही सहा जण. मी कारंज्याला एका कचेरीत कारकून, एक ऑटोवाला, बाकीचे शेतकरी आणि मजूर. सुरुवातीला मी पुस्तकी मराठीत संवाद लिहायची. मानोऱ्याकडच्या एका गावात 'आपण सर्वांनी व्यसनमुक्त व्हायला हवे' हे माझं वाक्य ऐकून पुढच्या रांगेतल्या आजीनं जांभई दिली आणि शेजारणीला विचारलं, "हा रेडिओ कवा बंद होते वं?" तेव्हापासून मी वऱ्हाडीतच लिहिते. माणूस ज्या बोलीत भांडतो, त्याच बोलीत त्याला टोचतं. हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

मागच्या वर्षी आम्ही पंगतीवर नाटक बसवलं. आमच्या गावात हनुमानाच्या देवळापुढं दरवर्षी भंडारा होतो, साऱ्या गावाला जेवण. आम्ही बौद्ध, देवाशी आमचं काही देणंघेणं नाही. पण गावजेवण गावाचं, म्हणून आमच्या वस्तीलाही आवतन असतं. फक्त आम्ही बसायला गेलो की भंडाऱ्याचा कारभार पाहणारे एक मोठे शेतकरी, ज्यांना आम्ही सारी पोरं काका म्हणतो, ते हात जोडून पुढं येतात. "तुमी तं घरचेच. तुमी निवांत बसा." निवांत म्हणजे शेवटी. कोणी हाकलत नाही, कोणी वाकडं बोलत नाही, आणि वर्षानुवर्षं शेवटची पंगत आमची. लहानपणी मला तो मानच वाटायचा. एवढी मी भोळी होते.

नाटकात हे उलटं करायचं ठरलं. प्रेक्षकांनाच पंगतीत बसवायचं, पुढ्यात कोऱ्या पत्रावळी, वाढायचा नुसता अभिनय. वाढपी आमच्या वस्तीतला, आणि 'निवांत बसा' हे काकांना, तोंडावर. वाढप्याचं काम बाबांनीच करावं हा माझा हट्ट. पण बाबांचा हरभरा काकांच्या विहिरीच्या पाण्यावर उभा होता.

"त्यायनं पानी बंद केलं तं?" बाबा म्हणाले. "तुले नाटक करा लागते, मले पीक घ्या लागते."

तिसऱ्या दिवशी स्वतःहून तालमीला आले. काहून आले, ते मी विचारलं नाही.

गावाला कळवायचं काम ऑटोवाल्याकडे होतं. गर्दी जमावी म्हणून त्यानं भोंग्यातून स्वतःच्या डोक्यानं जोडून दिलं, "आज संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिरापुढं पंगत! चूलबंद आवतन!" आता आमच्या वऱ्हाडात चूलबंद आवतन म्हणजे थट्टा नव्हे. घरातल्या लहानथोर साऱ्यांना बोलावणं असतं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. दिवस मावळायच्या आत गाव हजर, हातात पाण्याचे तांबे. काका सुनेला, नातवंडांना घेऊन आले. आमच्याकडे शिजलेलं शीतही नव्हतं.

"आता खाऊ घाल त्यायले तुहा भोंगा!" मी ऑटोवाल्यावर तडकले. आईनं मात्र एकदा गर्दीकडे पाहिलं आणि पदर खोचला. "नाटक लांबवा," ती म्हणाली, "आमी चुली पेटवतो."

मी उभी राहून खरं ते सांगितलं. चूक आमची, जेवण आमच्या घराघरांत शिजतंय, तोवर नाटक बघा. चुळबूळ झाली. आमच्या चुलीवरचं गावातल्या बाकीच्या घरांनी कधी खाल्लं नव्हतं. लोकांना वाटलं होतं, आचारी लावला असेल. चार-दोन घरं उठून गेली. काका बसून राहिले, म्हणून बाकीचे बसले.

भात आणि वांग्याची भाजी आली तेव्हा नाटक नेमकं वाढपाच्या जागी पोचलं होतं. बाबांनी वाढायला आमच्या वस्तीपासून सुरुवात केली. मग काकांच्या पुढ्यात येऊन बादली खाली ठेवली, हात जोडले.

"भाऊ, तुमी तं घरचेच. तुमी निवांत बसा."

तालमीत या वाक्याला आम्ही पोट धरून हसायचो. इथं कोणी हसलं नाही. काका उठले असते तर सारं गाव उठलं असतं, आणि हरभऱ्याचं पाणीही गेलं असतं.

"किती येळ बसू?" काकांनी विचारलं.

याचं उत्तर मी लिहिलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "मले मालूम नाई, भाऊ. मी तं अजून बसूनच आहो."

काकांनी मान खाली घातली. पोरंबाळं जेवली, सून जेवली, दोन पंगती उठल्या. ते कोऱ्या पत्रावळीपुढं तसेच. शेवटी बाबांनी तळाचा भात आणि उरलेला रस्सा वाढला, आणि त्यांनी तो पत्रावळ पुसून खाल्ला. जाताना बाबांना एवढंच म्हणाले, "सकायी हरभऱ्याले मोटर लावजो."

मग देवळापुढचा भंडारा आला. यंदा काका हात जोडून आले नाहीत. त्यांनी बाबांचा दंड धरला आणि पहिल्या पंगतीकडे नेलं. मी म्हटलं, जिंकलो. पण बाबा बसेनात.

"मले बसाचं नाई, भाऊ. बादली द्या."

आमच्या वस्तीतल्या कोणाला भंडाऱ्याचं अन्न वाढायला आजवर हात लावू दिला नव्हता. काकांनी एकदा साऱ्यांकडे पाहिलं, मग आपल्या पुतण्याच्या हातातली बादली काढून बाबांना दिली आणि स्वतः खाली बसले.

लिहिते मी, पण एवढं मला सुचलं नसतं. माझी मान अशी ताठ झाली की जेवायचंही भान राहिलं नाही. माझा बाप वाढत होता, आणि पहिल्या पंगतीत एकाही माणसानं पत्रावळीवर हात आडवा धरला नाही.