सकाळची बातमी

लेक बंगळूरहून लोह्याला पोचली तेव्हा तिच्या अप्पांना माती देऊन झाली होती. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. विभूती लावलेलं त्यांचं कपाळ तिला शेवटचं बघायला मिळालं नाही.

दारातच तिनं विचारलं, "मला वेळेवर कुणी कळवलं का नाही?"

मी म्हणाले, "मला वाटलं दादानं कळवलं."

लातूरहून आलेला थोरला म्हणाला, "मला वाटलं आईनं."

घडलं ते एवढंच. आदल्या दिवशी सकाळी मीच तिला फोनवर सांगितलं होतं, "ताप उतरलाय, धावत येऊ नको." दुपारी त्यांना श्वास लागला. ते मी फक्त थोरल्याला सांगितलं. तो गाडी काढून निघाला. लेक सकाळच्या बातमीवरच निवांत राहिली. संध्याकाळी ते गेले. तिला कळलं ते दुसऱ्या दिवशी, भावकीतल्या एकाच्या फोनवरून.

ती कॉम्प्युटरची आखणी करते. मी चौथी शिकलेली. एकदा सुट्टीत भाकरी थापता थापता तिनं मला समजावलं होतं. बरेच प्रोसेसर मिळून काम करतात. प्रत्येकाची मेमरी वेगळी असते, पण सगळ्यांना ती एकच वाटली पाहिजे. ज्याला मेमरीतलं जे पान लागतं त्याची नक्कल तो आपल्याजवळ ठेवतो. एकाला त्या पानावर नवं लिहायचं असलं, की बाकीच्यांजवळच्या नकला आधी रद्द करायच्या. नाहीतर कुणीतरी शिळ्या पानावर काम करत बसतो.

मी म्हणाले होते, "म्हणजे चार सुना अन् एक कोठी. भांडणं होणारच."

"ती होऊ नयेत म्हणूनच मला पगार देतात, आई."

ओसरीवरून अप्पा म्हणाले, "मग हिला घेऊन जा तिकडं. चारी सुना गप बसतील."

मातीनंतर पाचव्या दिवशी मी तिला सरळ सांगितलं, "तू तिकडं जी चूक होऊ देत नाहीस, ती मी घरात केली."

ती तांदूळ निवडत होती. "तिथं चुकलं तर परत आखता येतं," एवढंच बोलली. ओरडली नाही.

ओरडली असती तर बरं झालं असतं. आता रोज फोन करते, जेवलीस का विचारते. मी हाव म्हणते. तिनं इथं येऊन माझ्यापुढं बसावं, मला टाकून बोलावं, असं लई वाटतं. ते सांगायचं म्हणून फोन उचलते अन् पावसापाण्याचं बोलून ठेवून देते.

ते गेले. मागं आम्ही तिघं राहिलो. थोरला लातूरला, लेक बंगळूरला, मी लोह्यात.