नव्या फोनात अक्काच्या शिव्या सुखरूप

दोस्तहो, आज अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला आन् घामच फुटला.

माझी अक्का करजगीला दिलेली. आमचं गाव सीमेवरचं; ती कन्नड शाळेत शिकली, मी मराठी. एकमेकांचं लिहिलेलं वाचता येत न्हाई, म्हणून आमचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजातच चालतंय.

दुकानदार म्हणला, "फोटो येतील अण्णा, व्हॉट्सअ‍ॅपचे आवाजाचे मेसेज न्हाई येत. सोडा की."

कामून सोडू? घरी येऊन नवा फोन रिसेट मारला, पहिल्यापासून जुन्याला जोडला. सगळे मेसेज आले!

लगेच अक्काला कळवलं.

"माझ्या शिव्या पण आल्या का रे?"

"सगळ्यात आधी त्याच आल्या!"

"मग आता नवीन ऐक. आईला फोन कामून केला न्हाईस?"

जिंकलो राव! तुम्ही कुणाचा आवाज मागं सोडणार न्हाई?