आसिफभाईंच्या अर्ध्या तासाचं मी केलेलं भलं

आता काय सांगू राव! लोकांचं वाईट करायला अक्कल लागते. मला नुसतं कोणाचं तरी भलं करायला सोडा, वाटोळं आपोआप होतं.

चाकणच्या एका कंपनीत मी नवा नवा टीम लीडर झालो होतो. पिंपळे गुरवहून कंपनीच्या बसने जायचो आणि खिडकीत बसून रोज जग सुधारायचो.

आमच्या लाइनवर आसिफभाई प्रेस चालवायचे. शुक्रवारी आम्ही सगळे साडेबाराला जेवायचो. हे मात्र जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी सव्वा वाजता घ्यायचे आणि जवळच्या मशिदीत जाऊन यायचे. तेवढा वेळ त्यांची प्रेस शेजारचे बाळूभाऊ बघायचे. बदल्यात बाळूभाऊंचा सोमवारचा उपास असला की त्यांची जड उचलाउचल आसिफभाई करायचे. नऊ वर्षं! एक पार्ट कधी कमी पडला नाही.

मला हे कळलं आणि मी पेटलो ना! "आसिफभाई, असं चोरून का जाता? मी ऑफिशियल करून देतो."

त्यांचा चेहराच उतरला. "नको सर. चाललंय ते बरंय."

"घाबरता काय? मी आहे ना!"

तेच तर, मी होतो ना!

एचआरला मेल ठोकला. प्लांटचे मॅनेजरसाहेब कॉपीत. विषय मोठ्या अक्षरांत: 'शुक्रवारच्या नमाजासाठी परवानगी'. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरसाहेबांचं बोलावणं.

"म्हणजे हा माणूस नऊ वर्षं ड्युटीवरून गायब होतोय?"

"गायब नाही सर, जेवणाच्या सुट्टीतच..."

"आज ह्याला दिलं, उद्या सगळे मागतील. कंपनीच्या वेळेत धर्म नाही. नियम सगळ्यांना सारखा. सुट्टी साडेबारालाच, अशी नोटीस काढ, खाली तुझी सही कर."

केली की! तिथल्या तिथे. प्रमोशन अजून कन्फर्म व्हायचं होतं ना माझं.

बोर्डावर नोटीस बघून बाळूभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "आवं साहेब, चालत्या गाडीचं चाक काढून बघतंय व्हय कुनी?"

पुढचे सगळे शुक्रवार आसिफभाई साडेबाराला आमच्यासोबत जेवले. सव्वा वाजला की एकदा घड्याळाकडे बघायचे आणि प्रेसचं बटण दाबायचे.

मग आली खंडेनवमी. नेमकी शुक्रवारी! पूजेसाठी दोन तास लाइन बंद, ती पण कंपनीच्या वेळेत. मुहूर्त किती वाजताचा? सव्वा वाजताचा! मॅनेजरसाहेब टिळा लावून, हात जोडून पुढे. मशीनला हार, नारळ, हळदकुंकू. प्रेस घासूनपुसून चकाचक कोणी केली होती? आसिफभाईंनी. दरवर्षीसारखीच. एक हार उरला, तो नोटीस बोर्डाला घातला. बरोब्बर माझ्या सहीवर. घातला कोणी? मीच!

मी हळूच म्हटलं, "आसिफभाई, तशीही लाइन बंद आहे. जाऊन या ना."

"नियम सगळ्यांना सारखा आहे ना सर?" हार घातलेल्या प्रेसकडे बघत ते म्हणाले, "मी मशीन असतो तर बरं झालं असतं."

दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला. तळेगावला कमी पगाराची नोकरी धरली. गेटपर्यंत सोडायला गेलो, तर माझी जीभ पुन्हा वळवळलीच.

"तिथला एक मॅनेजर माझ्या ओळखीचा आहे. तुमच्यासाठी शब्द टाकू का?"

आसिफभाईंनी चक्क हात जोडले.

"सर, एवढी एकच मेहरबानी करा. त्यांना सांगा, तुम्ही मला ओळखतच नाही."